शून्य तासाची काच

शून्य तासाची काच काळी असायला हवी.
हे मी उर्मासला तीनदा सांगितलंय.
चौथ्यांदा सांगायची गरज नाही,
तो स्वतःच खुर्ची मागे सरकवून बघत बसलाय:
पडद्यावर सगळी केंद्रकं लालभडक,
दलदलीतून वेचून आणलेल्या क्रॅनबेरी जशा.
सुंदर आहे.
आणि कुचकामी.

गोष्ट तशी सोपी, अवघड फक्त थांबणं.
पेशीतला डीएनए हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला,
आणि पेशी ती रिळं बदलत राहते
धागा न तोडता,
यंत्र चालू असतानाच.
जुनं कुठलं, नवं कुठलं, वरून कळत नाही.
म्हणून प्रत्येक रिळाला आपण एक कडी देतो,
काहीही एकदाच अडकेल, मग सुटणार नाही अशी.
आधी ओतायचं बिनरंगी कुलूप.
असतील तेवढ्या कड्या बंद.
अर्धा तास. धुवायचं. परत धुवायचं.
तिसऱ्यांदा धुताना घाई करायची नाही,
घाई तिसऱ्यांदाच होते.
मग पेशींना सोडून द्यायचं त्यांच्या उबेत,
दोन तास, चार तास, आठ,
आणि अखेरीस लाल रंग:
तो बसेल फक्त मागाहून आलेल्यांवर.
शून्य तासाला मागाहून कोणी आलेलंच नसतं.

उर्मास कुलूप घालायलाच विसरला होता.

बाहेर उणे अठरा. एमायोगी गोठलेली,
हिल्लार अंगणातला बर्फ लोटतोय रात्री दोन वाजता,
तार्तूत त्याच्याइतकं जागं कोणी नाही.
मी थंड कपाटातून कुलपाची बाटली काढते.
चिठ्ठीवर आइताचं अक्षर, डावीकडे झुकलेलं:
उजेड दाखवू नये.
आतलं द्रव्य किती वेळा संपलं नि भरलं, मोजदाद नाही.
कपाटसुद्धा मधे एकदा बदललं.
उर्मास बाटली फिरवून वाचतो,
विचारतो, आइता कोण?
मला उत्तर सुचेना.
सारेमा बेटावर बहिणीकडे मासे धुरावते, म्हटलं.
नाताळात पार्सल येतं. तू खाल्लायस तिचा मासा.

थांबायचंच आहे तर शेजारच्या खोलीत त्याला दुसरी रीत दाखवते.
हिरव्या केंद्रकावर लेझरने एक चौकोन जाळायचा,
नखाएवढाही नाही, नखाच्या कल्पनेएवढा,
आणि बघायचं उजेड परत कसा येतो.
धाग्याच्या तोंडाशी बसणारा हिस्टोन चंचल,
मिनिटांत चौकोन भरून काढतो.
गाभ्यातले जड. त्यांच्यासाठी जेवणाचा डबा आणावा लागतो.
रेघ चढते, चढते, आणि वाकते,
आणि शंभराच्या बरीच खाली आडवी होते.

सगळं परत येत नाही का?
नाही.
मग उरलेल्या जागेत काय असतं? भोक?
भोक नाही रे. जळालेलेच असतात तिथे.
दिवा गेला, जागा सोडली नाही.
धागा अजून त्यांनीच धरलाय.

तो थोडा वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, भूक लागली.
माझ्याकडे काळ्या पावाच्या दोन चकत्या होत्या, आणि लोणी.

चार वाजून चाळीस. नवी काच.
उर्मास डोळे ताणतो, बटणं फिरवतो, घाबरतो:
काहीच दिसत नाही! पेशी वाहून गेल्या धुताना!
मी गाळणी बदलते, निळी लावते.
सगळी केंद्रकं जागच्या जागी,
शेकडो, दाटीवाटीने, एकही हललेलं नाही.
परत लाल.
अंधार.
निळी. लाल. निळी.
पाचव्या वेळेला तो हसला.

आठ तासांची काच अकराला निघेल.
तेव्हा मी घरी झोपलेली असेन, पडदे ओढून.
उबेच्या पेटीवर कागद चिकटवून ठेवते:
अकराच्या आधी उघडू नका.
शाई थंडीने अडकतेय,
अक्षर डावीकडे जातंय.